धर्मशाळेलाही वही असते

भारत म्हणजे धर्मशाळा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 19 मे 2025 रोजी एका सुनावणीत म्हटलं. समोर एका श्रीलंकन तमिळ माणसाचं प्रकरण होतं. त्याची शिक्षा भोगून झाली होती. परत पाठवलं तर माझ्या जिवाला धोका आहे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. ते मान्य झालं नाही. दुसऱ्या दिवशी हे वाक्य सगळीकडे छापून आलं आणि बहुतेकांना पटलंही.

मला ते वाचून पंढरपूर आठवलं. तिथल्या किंवा आळंदीच्या धर्मशाळेत ज्याने मुक्काम केला आहे, त्याला तिथली रीत माहीत असते. दारात दमून बसलेल्या म्हाताऱ्याला आधी आत घेतात, पाणी देतात. मग व्यवस्थापक वही पुढे सरकवतो. नाव, गाव, बरोबर किती माणसं, कुठून आलात, कधी निघणार. ठरल्यापेक्षा जास्त दिवस राहायचं असेल तर पुन्हा विचारावं लागतं. दारू आणि भांडण चालत नाही. धर्मशाळा म्हणजे कुणीही यावं, कितीही राहावं अशी बेवारस जागा नव्हे. तिला दार असतं, नियम असतो आणि वही असते.

समुद्रातून जीव घेऊन येणाऱ्या माणसासाठी आपल्या देशाकडे यातलं काहीच नाही, हे माझं दुखणं आहे. दार बंद करणारा नीट कायदा नाही आणि उघडणाराही नाही. त्या त्या वेळच्या सरकारची मर्जी तेवढी आहे.

मी नवीन पनवेलला राहतो. रेल्वेच्या पूर्वेला सिडकोने वसवलेलं हे गाव, आणि इथे जवळजवळ प्रत्येक जण दुसरीकडून आलेला. रूळ ओलांडून जुन्या पनवेलमध्ये गेलं की बेथ एल सिनेगॉग लागतं. 1849 सालचं. ते बांधणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागच्या उत्तरेला नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं. सात जोडपी वाचली. बुडालेल्यांना गावकऱ्यांनी तिथेच पुरू दिलं. वाचलेल्यांनी तेलघाणे टाकले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. पुढे ते कोकणभर पसरले आणि गावांची नावं आडनावं झाली. रोहेकर, पेणकर, दिवेकर, चेऊलकर, पनवेलकर. हे कधी घडलं याचा कागद नाही. पण मराठी बोलणारा, मलिद्याचं ताट मांडणारा हा समाज शेकडो वर्षं या किनाऱ्यावर नांदला, याला कागदाची गरज नाही.

याच रायगड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला श्रीवर्धन तालुक्यात शेखाडी आहे. 1993 च्या फेब्रुवारीत तिथे आरडीएक्स उतरलं आणि 12 मार्चला मुंबईत फुटलं. पंधरा वर्षांनी मुंबईवर हल्ला करणारे कसाब आणि त्याचे साथीदार याच अरबी समुद्रातून आले. 18 ऑगस्ट 2022 ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी नौका लागली, आत एके-47 रायफली. ती एका परदेशी मालकाची, खवळलेल्या समुद्रात सोडून दिलेली बोट निघाली, पण त्या दिवशी जिल्हाभर नाकाबंदी होती आणि ती असायलाच हवी होती.

एकाच किनाऱ्याला या दोन्ही आठवणी आहेत. नवगावचा माणूस ‘येऊ द्या’ म्हणेल, शेखाडीचा ‘अडवा’ म्हणेल, आणि दोघेही खरंच बोलत असतील. समुद्रातून कोण येतंय हे दुरून कळत नाही. जवळ जाऊनच बघावं लागतं. जवळ गेल्यावर काय करायचं, हे ठरवण्याला धोरण म्हणतात.

पारशांची गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. दुधाने काठोकाठ भरलेला पेला आणि त्यात साखर. मला ती गोष्ट पूर्वीइतकी आवडत नाही. आलेल्याने विरघळून जावं, दिसूही नये, अशी अपेक्षा तिच्यात आहे. 1599 मध्ये लिहिलेल्या ‘किस्सा-इ-संजाण’मध्ये मात्र ही साखर नाहीच. तिथे राजा जादी राणा आलेल्यांना विचारतो, तुमचा धर्म काय ते सांगा. मग अटी घालतो. शस्त्रं खाली ठेवा, इथली भाषा बोला, बायकांनी इथला पोशाख करावा, लग्नं संध्याकाळी लावा. अटी मान्य झाल्यावर जागा देतो. पालघरच्या सीमेपलीकडच्या त्या संजाणमध्ये जे घडलं असं सांगतात ती एक रीतसर चौकशी होती. प्रश्न, उत्तर, निःशस्त्रीकरण, अटी, निर्णय. सगळ्या अटी आज मला मान्य नाहीत. कुणी काय नेसावं हे सरकारने ठरवू नये. पण आलेल्याला समोर उभं करून, ऐकून घेऊन, काय चालेल आणि काय नाही हे तोंडावर सांगणं, यात दोघांचाही मान राहतो.

गलबतातल्या सात जोडप्यांचा निर्णय एखादं गाव एका संध्याकाळी घेऊ शकतं. हजारोंचा निर्णय राज्याला घ्यावा लागतो, आणि मुंबई इलाख्याने तो घेतलेला आहे.

6 जानेवारी 1948 च्या कराचीतल्या दंगलीनंतर सिंधी कुटुंबं जहाजामागून जहाज भरून मुंबईच्या गोदीत उतरू लागली. शहर आधीच तुंबलेलं होतं. सरकारने महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या कल्याणजवळच्या बराकी उघडल्या, सुमारे एक लाख माणसं तिथे नेली आणि 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे उल्हासनगर वसलं. 1948 मध्येच मुंबई सरकारने निर्वासितांसाठी वेगळा कायदा केला. नोंदणी सक्तीची केली, कुणी कुठे राहायचं ते ठरवण्याचा अधिकार हातात घेतला. तो कायदा कठोर होता. घरदार सोडून आलेल्या माणसाला, मुंबईत राहायचं नाही, अमुक छावणीत जा, हे ऐकताना काय वाटलं असेल ते मी नाकारत नाही. तरी त्यात नाव लिहिलं जात होतं, शिधा ठरत होता, जागा ठरत होती. आजही उल्हासनगरचे लोक पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात.

हे सिंधी या देशाचे होणारे नागरिक होते, परके नव्हते, असा आक्षेप येईल. बरोबर आहे. म्हणून वळिवड्याकडे बघू. कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे 1943 पासून सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. स्टालिनने त्यांना सायबेरियात हाकललं होतं. तिथून सुटून कॅस्पियन समुद्र ओलांडून ती इराणात उतरली, मग पुन्हा जहाजाने कराचीला आली आणि शेवटी पंचगंगेच्या काठी पोचली. त्यांचा धर्म, भाषा, वर्ण, अन्न, काहीच आपलं नव्हतं. त्यांच्यासाठी शाळा झाल्या, चर्च झालं, दवाखाना झाला. खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारने उचलला. युद्ध संपल्यावर ती हळूहळू इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला, मायदेशी गेली. कुणीही कोल्हापूर बळकावलं नाही. आज वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली.

पोलिश गेले आणि त्यांच्या त्याच बराकींमध्ये सिंधी आले. आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी सगळा दक्षिण महाराष्ट्र ज्या गांधीनगरला जातो, ते गांधीनगर म्हणजे ती छावणी. समुद्र ओलांडून आलेल्या दोन समाजांना एकाच आवारात, पाठोपाठ, दोन वेगळ्या नियमांनी ठेवून घेण्याचं काम या मातीत झालेलं आहे. एकाला परत जायचं होतं, त्याला तात्पुरता आसरा. दुसऱ्याला परत जाता येणार नव्हतं, त्याला घर. हा फरक त्या काळातल्या अधिकाऱ्यांना कळत होता.

एक चूकही तेव्हाच झाली, तीही सांगितली पाहिजे. आसरा वेळेवर दिला, हक्क वेळेवर दिला नाही. सिंधी वसाहतींमधल्या घरांचे आणि दुकानांचे पट्टे नियमानुकूल करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाला 2025 मध्ये घ्यावा लागला. माणूस निर्वासित म्हणून उतरला तेव्हा जन्मलेलं मूल आज पणजोबा झालं असेल.

जगाने गेल्या पंचवीस वर्षांत काय काय करून पाहिलं?

ऑस्ट्रेलियाने 2001 च्या ऑगस्टमध्ये टॅम्पा या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाला आपल्या बंदरात येऊ दिलं नाही. त्या जहाजाने बुडत्या बोटीतून 433 जणांना वाचवलं होतं, हाच त्याचा गुन्हा. मग नाउरू आणि मानुस बेटांवर छावण्या उघडल्या. 2013 पासून बोटी समुद्रातूनच माघारी फिरवल्या. हा उपाय चालला, हे प्रामाणिकपणे कबूल केलं पाहिजे. ऑस्ट्रेलियाकडे येणाऱ्या बोटी जवळजवळ थांबल्या आणि त्यांच्याबरोबर त्या वाटेवर बुडून मरणंही थांबलं. पण जी माणसं बेटांवर अडकली त्यांची वर्षं गेली, काहींनी तिथेच जीव दिला, आणि 2016 मध्ये पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने मानुसवरचं डांबून ठेवणं बेकायदा ठरवलं. शिवाय ऑस्ट्रेलियाजवळ पैसे घेऊन बेट भाड्याने देणारा गरीब शेजारी होता. आपण कुणाचं बेट भाड्याने घेणार?

ब्रिटनने तोच प्रयोग रवांडात करायचं ठरवलं. 2022 मध्ये घोषणा झाली, 2023 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला, 2024 मध्ये नव्या सरकारने गुंडाळला. एवढ्या गाजावाजानंतर चार माणसं रवांडाला गेली, तीही राजीखुशीने.

इटलीने उलट टोक गाठलं. 3 ऑक्टोबर 2013 ला लाम्पेदुसाजवळ साडेतीनशेहून जास्त माणसं बुडाली. त्या धक्क्याने इटलीच्या नौदलाने ‘मारे नोस्त्रुम’ मोहीम काढली आणि वर्षभरात सुमारे दीड लाख माणसं पाण्यातून काढली. मला त्या खलाशांविषयी नितांत आदर आहे. पण वाचवलेल्यांचं पुढे काय, याचं उत्तर एकट्या इटलीवर टाकून बाकीचा युरोप बाजूला राहिला आणि वर्षभरात मोहीम बंद पडली. सुटका हा धोरणाचा पहिला परिच्छेद असतो. पुढची पानं कोरी असली की पहिला परिच्छेदही पुसला जातो.

सगळ्यांत कमी गाजलेला उपाय मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. व्हिएतनाम युद्धानंतर लाखो माणसं होड्यांतून दक्षिण चीन समुद्रात लोटली होती. 1979 च्या जुलैमध्ये जिनिव्हाला परिषद झाली. शेजारी देशांनी आधी उतरवून घ्यावं, श्रीमंत देशांनी पुढे घेऊन जावं, आणि खुद्द व्हिएतनाममधून कागदपत्रांसह विमानाने निघण्याची वाट उघडावी, असं ठरलं. त्या वाटेने पुढच्या वर्षांत सहा लाखांहून जास्त माणसं होडीत पाय न ठेवता बाहेर पडली. होडीत माणसं भरणाऱ्या दलालाचा धंदा धमकीने बसत नाही. त्याच्या होडीपेक्षा सुरक्षित वाट दिसली की बसतो.

आता आपल्याकडे या.

भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्याची कारणं तेव्हा होती आणि त्यातली काही आजही आहेत. फाळणीचे निर्वासित त्या कराराच्या व्याख्येत बसत नव्हते. मी सहीसाठी हट्ट धरणार नाही. पण स्वतःचा कायदा करायला कुणाची सही लागत नाही. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली एक नमुना कायदा 1990 च्या दशकातच तयार झाला होता. शशी थरूर यांनी खासगी विधेयकं मांडली. 2025 मध्ये संसदेने परकीयांविषयीचे चार जुने कायदे रद्द करून एक नवा कायदा केला. त्यात निर्वासित या शब्दाची व्याख्या नाही. सरकार हुकूम काढून कुणालाही सूट देऊ शकतं, एवढी सोय आहे. त्याप्रमाणे 9 जानेवारी 2015 पर्यंत आलेल्या, नोंदणी झालेल्या श्रीलंकन तमिळांना सूट मिळाली. चांगलं झालं. पण हुकमाने मिळालेली सूट हुकमाने जाते.

मर्जीवर चालण्याचा अर्थ काय होतो, ते 2021 मध्ये अंदमानच्या समुद्रात दिसलं. फेब्रुवारीत बांगलादेशातून नव्वद रोहिंग्यांना घेऊन निघालेली एक होडी इंजिन बंद पडून भरकटली. आपल्या तटरक्षक दलाने ती शोधली. आठ जण मेले होते, एक बेपत्ता होता. दलाने अन्न दिलं, पाणी दिलं, औषधं दिली. उतरवून मात्र घेतलं नाही, कारण उतरवल्यावर काय करायचं याचा नियम नव्हता आणि बांगलादेश परत घ्यायला तयार नव्हता. 81 जण त्या होडीत राहिले आणि जूनमध्ये इंडोनेशियाच्या आचे किनाऱ्याजवळच्या एका बेटाला लागले. समुद्रात एकूण 113 दिवस. आपले जवान त्या होडीपर्यंत पोचले होते. त्यांचा हात आखडला तो कायद्याच्या अभावाने.

2025 च्या मेमध्ये आणखी गंभीर आरोप झाला, रोहिंग्यांना नौदलाच्या जहाजातून नेऊन समुद्रात सोडल्याचा. सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याशिवाय तो मानायला नकार दिला. माझं म्हणणं एवढंच आहे, की वही असती तर हा वाद एका तासात मिटला असता. कोण आलं, कधी नोंद झाली, कुणाच्या सहीने कुठे पाठवलं, हे पानावर दिसलं असतं. नोंद सरकारवरच्या खोट्या आरोपाचंही उत्तर असते.

मग वही कशी असावी? समुद्रात सापडलेला माणूस आधी किनाऱ्यावर येईल. बुडत्याला काढताना पासपोर्ट विचारत नाहीत, हे आपल्या कोळी बांधवांना कुणी शिकवावं लागलेलं नाही, आणि भारताने मान्य केलेल्या सागरी कायद्यातही तेच आहे. किनाऱ्यावर आल्यावर मात्र त्याला मोकळं सोडायचं नाही. प्रत्येक सागरी राज्यात एक-दोन ठरलेली बंदरं असावीत. महाराष्ट्रात न्हावा-शेवा किंवा मुंबई. तिथे बोटांचे ठसे, झडती, वैद्यकीय तपासणी, दुभाषा. पहिले काही आठवडे बंद आवारात राहणं मी मान्य करीन. त्यानंतर ठरावीक मुदतीत निर्णय, आणि नकार मिळाला तर एकदा अपील. हे आकाशातून आणायचं नाही. केंद्रीय गृह खात्याची 2011 ची कार्यपद्धती छळाच्या रास्त भीतीने आलेल्याला तपासणीनंतर दीर्घ मुदतीचा व्हिसा द्यायला आणि खासगी नोकरी करू द्यायला परवानगी देते. तिला कायद्याचं बळ द्या, आणि धर्म-देश न बघता सगळ्यांना लावा. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीत जाफन्याचा हिंदू तमिळसुद्धा बसत नाही, हे किती जणांना ठाऊक आहे?

ज्याचा दावा खोटा निघेल त्याला परत पाठवा. हे लिहिताना माझा हात अडखळत नाही. ज्याला खरा धोका आहे त्याला ठेवून घेण्याची ताकद यातूनच येते.

आणि भार वाटून घ्या. 1983 पासून श्रीलंकेतून होड्यांनी आलेले तमिळ रामेश्वरजवळच्या मंडपमला उतरले आणि तमिळनाडूतच राहिले. आजही सुमारे 58 हजार माणसं तिथल्या छावण्यांमध्ये आहेत. छावणीत जन्मून, तमिळनाडूच्या शाळेत शिकून, चाळिशीला आलेली माणसं कुठल्याच देशाची नाहीत. रामेश्वर जवळ पडतं म्हणून एकाच राज्याने हे पेलावं का? इटलीला एकटं पाडणाऱ्या युरोपला आपण नावं ठेवतो.

सुरक्षेचा प्रश्न मी टाळणार नाही. शेखाडीला आरडीएक्स कसं उतरलं ते टाडा न्यायालयाच्या निकालात आहे. कस्टमच्या अधिकाऱ्यांना आणि पोलिसांना शिक्षा झाल्या. पैसे घेऊन दार उघडलं गेलं होतं. 26 नोव्हेंबर 2008 ला आलेले दहा जण पोरबंदरची ‘कुबेर’ ही आपलीच मासेमारी नौका बळकावून आले आणि कफ परेडच्या कोळीवाड्यात त्यांना हटकलं ते तिथल्या कोळ्यांनी. मारायला येणारा नोंदणीच्या रांगेत उभा राहत नाही. तरीही रांगेत एखादा लपू शकतो, म्हणूनच झडती आणि ठसे. आज जो माणूस घाबरून रात्री उतरतो आणि खोट्या कागदावर कुठल्यातरी झोपडपट्टीत नाहीसा होतो, तो देशासाठी जास्त धोक्याचा.

दुसरा आक्षेप मला जास्त जड जातो, कारण तो माझ्या शेजारचा आहे. पनवेल-उरणच्या शेतकऱ्याने सिडकोला जमीन दिली. 1984 च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं सूत्र आलं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी गावंच्या गावं उठली. स्वतःच्या मातीत विस्थापित झालेला हा माणूस विचारेल, की आमचं भागलं का, मग परक्याचं काय घेऊन बसलात? हा प्रश्न मत्सराचा नाही. पण त्याला दिलेला शब्द ज्यांनी लांबवला ते निर्वासित नव्हते. आणि वळिवड्याने कुणाचा सातबारा फिरवला नाही. आसऱ्याला जमिनीची मालकी लागत नाही, बराक लागते, शाळा लागते, काम करायची परवानगी लागते. या आसऱ्याचा खर्च केंद्राने करावा आणि छावणी ज्या गावाजवळ असेल त्या गावाला आधी विचारावं, हे कायद्यातच लिहावं. 1948 मध्ये ते राहून गेलं होतं.

ज्यांना वाटतं की समुद्रातली रेघ फक्त परक्यांना नडते, त्यांनी पालघरला जावं. गुजरातच्या बोटींवर कामाला गेलेले तिथले खलाशी रेघ ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात बसतात. शिक्षा संपते, पण राष्ट्रीयत्वाची पडताळणी झाली नाही म्हणून सुटका होत नाही. दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात आणि बायका त्या यादीत नाव शोधतात. यादीत नाव असणं म्हणजे काय, हे त्या घरांना विचारा.

पनवेल मावळ लोकसभा मतदारसंघात येतं, अलिबाग आणि श्रीवर्धन रायगडमध्ये. या दोन्ही खासदारांना, आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सगळ्यांना माझी विनंती आहे. समुद्रात सापडलेल्या माणसाचं नाव कुणी, कुठे आणि किती दिवसांत लिहायचं, हे सांगणारं कलम 2025 च्या कायद्यात नाही. येत्या अधिवेशनात ते घालायची मागणी करा. वाचकहो, तुम्हीही त्यांना एक पत्र लिहा.